बसायची मनाई

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. आज मला ते जमणार नाही.

ओरत्तनाडूच्या सांबशिव नावाच्या सुतारानं मला फणसाच्या लाकडातून घडवलं. त्याच झाडाच्या दुसऱ्या ओंडक्याची वीणा झाली. ती तिरुवैयारूला गाणं शिकवणाऱ्यांच्या घरी गेली आणि मी तंजावरच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गात. वीणेला रेशमी खोळ मिळाली, मला खडूची धूळ मिळाली. माझी तक्रार नव्हती. पोरं माझ्यावर चढून फळ्याचा वरचा कोपरा पुसायची, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

चाळीस वर्षं मी त्या वर्गात काढली. त्यांतली शेवटची चोवीस वसुमती टीचरांबरोबर. त्या भूगोल शिकवायच्या. मुलांशी तमिळ, मुख्याध्यापकांशी इंग्रजी, आणि वही तपासताना स्वतःशी घरची जुनी तंजावरी मराठी. त्यांना देवनागरी वाचता यायची नाही, पण बोलणं सुटलं नव्हतं. "काय लिव्हलंस रे बाबा," असं पुटपुटत त्या लाल शाई फिरवायच्या. ही भाषा मी त्यांच्या पुटपुटण्यातूनच शिकले.

खरं सांगायचं तर त्या माझ्यावर फारशा बसायच्याच नाहीत. नकाशा दाखवत तासन् तास उभ्या राहायच्या. पण पाय दुखले की मला ओढून घ्यायच्या, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

मग एका एप्रिलमध्ये शाळा बंद झाली. मुलं कमी झाली, संस्थेनं हात वर केले. बाकं आणि खुर्च्या विकायला काढल्या. मला आणि आणखी आठ खुर्च्यांना तीन मजली कापड दुकानाच्या मालकानं उचललं. आमच्या राज्यात काही वर्षांपूर्वी कायदा झाला आहे, दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा दिलीच पाहिजे. म्हणून आम्ही तिथे गेलो. मला वाटलं, म्हातारपणी पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडू.

दुसऱ्या मजल्यावर, रेशमी साड्यांच्या काउंटरमागे आम्हाला ओळीनं मांडलं आणि त्याच दिवशी आमच्यावर साड्यांची खोकी रचली. काउंटरवर नऊ बायका होत्या. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ त्या उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या. रॅकला नुसतं टेकलं तरी कॅमेऱ्यातून राजगोपालला दिसायचं. हा त्या मजल्याचा मॅनेजर. तो यायचा आणि हळूच म्हणायचा, "भिंत पडतेय का, अम्मा? धरून का ठेवलीय?"

आणि मे महिन्यात त्या नऊ जणींतली एक काम सोडून गेली, तिच्या जागी नवी बाई आली. निळी युनिफॉर्मची साडी, खांद्याला दुकानाच्या नावाची पिन, पायात नव्या चपला. वसुमती टीचर.

त्यांनी मला ओळखलं. माझ्या हातावर एक पत्र्याची पट्टी आहे, ती त्यांनीच ठोकून घेतली होती. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं, वरचं खोकं बघितलं आणि काउंटरकडे वळल्या. दुसऱ्या शाळांनी त्यांचं वय विचारलं होतं आणि दार लावलं होतं. नवरा गेलेला, मुलगी हरिता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं मालकानं सांगितलं होतं. ते तीन महिने त्यांना काहीही करून पार पाडायचे होते.

जमत तर काहीच नव्हतं. साडीची घडी त्या नकाशासारखी गुंडाळायच्या. प्रत्येक साडी दाखवल्यावर सवयीनं विचारायच्या, "कळलं का?" गिऱ्हाईक बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. अकरा वर्षं त्या काउंटरवर असलेली नागलक्ष्मी कपाळाला हात लावायची.

"टीचर, साडी शिकवायची नसते. उलगडायची असते."

"अगं, पण ती बाई विचारत होती ना, खरं रेशीम कसं ओळखायचं."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं."

"आणि ती गेली?"

"गेली. आभार मानून गेली."

नागलक्ष्मीला हसू आवरेना. मग तिनंच त्यांना मनगट कसं वळवायचं, पदर गिऱ्हाइकाच्या बाजूला कसा पडला पाहिजे ते शिकवलं. जुलै उजाडेपर्यंत टीचरांचा हात बसला. पाय मात्र सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतलेला असायचा. मी दोन हात मागे उभी होते, आणि माझ्यावर खोकी बसलेली होती. मित्रांनो, खोक्यांना पाय नसतात. ती दिवसभर आरामात बसत होती आणि पायवाल्या बायका उभ्या होत्या. माझा राग तिथून सुरू झाला.

आडी महिना आला, म्हणजे तमिळ आषाढ. सवलतीची गर्दी, जिन्यावर रांगा. टीचरांचे तीन महिने संपायला चार दिवस उरले होते. त्या दुपारी राजगोपाल धावत वर आला. शेजारच्या दुकानात कामगार खात्याच्या अधिकारी बाई तपासणीला आल्याची खबर होती.

"खोकी उतरवा. सगळ्या खुर्च्या पुढे घ्या. सगळ्यांनी बसा. रोज बसता तसं बसा. मी सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही, कळलं?" मग टीचरांकडे बघून म्हणाला, "टीचरम्मा, तुमच्या भाषेत सांगितलं."

त्या नऊ जणी बसल्या. टीचर माझ्यावर बसल्या. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला आणि त्यांच्या तोंडून एक श्वास सुटला. चोवीस वर्षांत तसा श्वास मी ऐकला नव्हता. शेजारी नागलक्ष्मी खुर्चीच्या कडेवर टेकली होती, एखादीनं दुसऱ्याच्या घरी बसावं तशी.

अधिकारी बाई जिना चढून आल्या. त्यांच्या मागून राजगोपालचा चेहरा वर आला, आणि तो दिसताक्षणी आठ बायका ताडकन उभ्या राहिल्या. त्यानं न उठायला बजावलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पाय आपोआप उठले. अकरा वर्षांची, सहा वर्षांची, नऊ वर्षांची सवय होती ती.

टीचर तेवढ्या बसून राहिल्या.

"सगळ्या का उठल्या?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मान म्हणून, मॅडम," राजगोपाल म्हणाला. "आमच्या दुकानाची रीत आहे."

"बरं. बसा आता."

कुणी बसेना. आठही जणी राजगोपालकडे बघत राहिल्या. अधिकारी बाईही त्याच्याकडे बघू लागल्या. मग त्या टीचरांकडे वळल्या.

"तुम्ही नाही उठलात?"

"मी नवी आहे, मॅडम. मला अनुभव नाही."

"कसला?"

राजगोपालनं डोळ्यांनी खूण केली. टीचरांनी ती बघितली. चार दिवस उरले होते. त्या गप्प राहिल्या असत्या, तर मीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी नागलक्ष्मीच्या पायांकडे बघितलं आणि वर्गात बोलायच्या तशा आवाजात म्हणाल्या, "दिवसभर न बसण्याचा. या खुर्च्यांवर खोकी असतात. आज आम्ही पहिल्यांदा बसलोय."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. मालकाला खाली बोलावलं, नोटीस दिली. त्या संध्याकाळी राजगोपाल टीचरांना जिन्यापाशी म्हणाला, "उद्यापासून येऊ नका. मालकांचा निरोप आहे. तुम्हाला हे काम जमलं नाही."

"घडी जमते आता मला," टीचर म्हणाल्या. "नागलक्ष्मीला विचारा."

"टीचरम्मा, घडीचं कुणी काही म्हणालं का?"

त्यांनी पिन काढून काउंटरवर ठेवली आणि जिना उतरल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी लाकडाची आहे, मला पाय आहेत पण चालता येत नाही. त्या दिवशी मला सुताराचाही राग आला.

दुसऱ्या दिवसापासून खोकी आमच्यावर आली नाहीत, नोटिशीच्या भीतीनं. नागलक्ष्मी मला पुढे घेऊन माझ्यावर बसली, या वेळी अगदी मागे टेकून. थोड्या वेळानं एक बाई मुलीला घेऊन आली, पुढ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय आणि ही बघा, राणीसारखी बसलीय." नागलक्ष्मी अर्धी उठली. मग पुन्हा टेकली.

"तुम्हीपण बसा, अम्मा. त्या तिथे स्टूल आहे. रंग कुठला दाखवू?"

बसल्या बसल्या तिनं सोळा साड्या दाखवल्या. एकाही साडीला काही झालं नाही.

त्या बाईबरोबर आलेली मुलगी तुमच्याच वयाची होती, मित्रांनो. म्हणून तुम्हाला सांगते. आमची खुर्च्यांची जात पुसून, रंगवून, खिळे ठोकून नीट ठेवा असं मी मागणार नाही. माझा रंग गेला तरी चालेल. पण काउंटरमागची बाई बसलेली दिसली, तर तिला उठवू नका, आणि तुमच्या आईनं तोंड उघडलं तर तिचा पदर ओढा. वसुमती टीचर आता कुठल्या तरी दुसऱ्या दुकानाच्या पायऱ्या चढत असतील. तिथे त्यांना विचारतील, अनुभव आहे का? पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, साडी दाखवून झाल्यावर "कळलं का?" म्हणणाऱ्या बाई तुम्हाला कुठे भेटल्या, तर साडी मागू नका. आधी मालकाला विचारा, यांची खुर्ची कुठे आहे?