घटातली सरकी

"कय्यूमभाई, सरकी आना!"

घट मांडणाऱ्या दयारामनं रिंगणातून हाक मारली आणि कय्यूम पिंजाऱ्याचा हात खिशातच अडकला.

२००८ सालची अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गावाबाहेरच्या वावरात, कलत्या उन्हात घट मांडणं चाललं होतं. मधे खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पुरी म्हणजे पृथ्वी आणि करंजी म्हणजे दुनियेची तिजोरी. भोवती अठरा धान्यांचं रिंगण. रात्री तिथं कुणी फिरकायचं नाही. सकाळी जो दाणा हलला त्याचं पीक डळमळलं, जो जागेवर राहिला त्याचं पक्कं. झालं! साऱ्या जगाचं वर्ष चार हात जागेत मावायचं.

सतरा धान्यं शेतकऱ्यांच्या घरची, पण सरकी पिंजाऱ्याच्या घरची. आजोबापासूनचा मान होता तो. आणि ती विकतची चालत नसे. पण आता कपाशी, म्हणजे गावची पऱ्हाटी, पाकिटातून वावरात आणि वावरातून थेट जिनिंगच्या कारखान्यात, सरकीही तिथंच निघायची. कय्यूमकडे यायच्या त्या फक्त जुन्या गाद्या. त्यात सरकी कुठली सापडायला? महिनाभर त्यानं पार सोनाळ्यापर्यंत गावरान सरकी धुंडाळली.

"नाही म्हणून सांगून टाका ना," त्याची बायको हुस्नबानो म्हणाली होती.

"आन पुढच्या साली कोन बलावन मले?"

शेवटी त्यानं दुकानातल्या एका फुटक्या पाकिटातली मूठभर बीटी सरकी आणली. औषधाचा गुलाबी रंग तीनदा धुतला, वरून राख चोळली.

दयारामनं ती तळहातावर घेतली. "झ्याक हाय!" म्हणाला आणि मांडली.

दिवस उगवायच्या आत सारा गाव रिंगणाभोवती जमला. दयाराम वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"पुरी गायब हाय. पृथ्वीवर संकट." तो थांबला. "करंजी अर्धी खाल्लेली. दुनियेची तिजोरी खाली होईन. मोठमोठे देश खाली बसतीन."

"बसू द्या ना बे!" मागून कुणीतरी ओरडलं. "दुनियेचं दुनिया पाहीन. पऱ्हाटीचं बोला, महाराज!"

हशा पिकला. दयाराम पुढं सरकला. "जवारी पांगली. मूग हालला. तीळ बाहेर गेला." मग त्याचा आवाजच बदलला. "सरकी... एक दाना हालला नाही! पऱ्हाटी यंदा सोन्याची!"

मग काय विचारता! टोप्या उडाल्या, मोबाईल कानाला लागले. "खामगावले सांग! हाव, हाव, पऱ्हाटीच!"

कय्यूम मात्र खाली बघत होता. बाकीच्या धान्यांतून मुंग्यांच्या रांगा वाहत होत्या. सरकीभोवती मुंग्या होत्या, पण उताण्या पडलेल्या. दाण्याला तोंड लावलं तिथंच मेल्या होत्या.

त्यानं दयारामला बाजूला ओढलं. "सरकी घरची नव्हती, दयारामभाऊ. पाकिटातली होती. जहर लावेल होतं तिले. म्हणून नाही हालली."

दयारामनं आधी इकडेतिकडे पाहिलं. "कोनाले बोलला?"

"कोनालेच नाही."

"मंग बोलूही नोको. तूही जाशीन आन घटही जाईन."

एका माणसाला तरी सांगायलाच हवं होतं. कडूबा त्याचा लहानपणचा जोडीदार. त्याच्या पाच एकरांतले दोन दरसाल जवारीचे असत, खाण्यापुरते. कय्यूमनं त्याला त्याच्या ओसरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं, अगदी राखेसकट.

कडूबा खो खो हसत सुटला. "कय्या, लेका, अकलेचा कांदा हायेस! जे जहर मुंगी मारते, ते बोंडातली अळी सोडन का? हे त अजून चांगलं सांगितलं तू मले! आता पाचही एकर पऱ्हाटीच."

"आन खाशीन काय?"

"इकत आनीन. सोन्याची होऊन राह्यली ना पऱ्हाटी!"

"मी खोटं केलं, कडूबा. माही चूक हाय. घटाची नाही."

"तुह्या एका मुठीनं घट खोटा होते का बे?" कडूबा उठला आणि बैलांकडे गेला.

कडूबाची बायको आशाबाई दारातून सगळं ऐकत होती. आत जाऊन तिनं बियाण्याच्या जवारीचं मडकं खाली उतरवलं, वरचा कडुलिंबाचा पाला काढला आणि दाणे पिशवीत ओतले. मडकं झटकून पालथं घातलं.

"भाऊजी, चक्कीवरून जाता का? बियाची होती. आता ठेवून काय करता? दळून ठेवजा, मी येईन मंग घ्याले."

"वहिनी, एक साल थांबा ना."

"धनी आयकते का माहं?"

कय्यूमनं पिशवी घेतली. चक्कीवर गर्दी नव्हती. चक्कीवाल्यानं पिशवीचं तोंड उघडून पाहिलं. "जवारी त निवडक हाय. बारीक दळू का जाडी?"

कय्यूमनं पिशवीतले मूठभर दाणे उचलून परत सोडले. मग म्हणाला, "बारीक."

खालच्या डब्यात पीठ पडू लागलं. त्यानं धारेखाली हात धरला. पीठ गरम होतं.