ताईचा ठिपका

राईचा पर्वत करावा तर ताईनेच. तिचं डोकं दुखलं की घरादाराने पाय न वाजवता चालायचं. त्यामुळे पहिल्या भूकंपानंतर तिने फोनवर कपाट जागचं सरकल्याचं आणि भिंत उभी फाटल्याचं सांगितलं, तेव्हा धाकट्या बहिणीने ते हसण्यावारी नेलं.

धाकटी भूकंप कार्यालयात होती. गावोगावी फोन लावायचे, कुठे काय हललं ते विचारून हादरा किती जोराचा ते ठरवायचं आणि आलेखावर त्या गावाचा ठिपका मांडायचा, हे तिचं काम. भूकंपाच्या केंद्रापासून लांब जावं तसा हादरा ओसरतो, म्हणून ठिपक्यांमधून काढलेली रेघही उतरत जाते. ती जिथे धोक्याच्या पातळीखाली जाईल तिथवरचीच घरं इंजिनिअर तपासणार होते. पुढच्यांनी आपलं आपण बघून घ्यायचं.

ताईचं गाव लांब. तेवढ्याच अंतरावरच्या बाकी गावांत जेमतेम दिवे झुलले होते आणि ताईचा ठिपका मात्र सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला होता. हा मध्येच कुठून उपटला, असं साहेबांनी विचारलं.

"माझ्या बहिणीचा आहे," धाकटी म्हणाली. "पाल पडली तरी तिला छत पडल्यासारखं वाटतं. काढून टाकते."

सगळे हसले. ठिपका गेला, रेघ कशी छान गुळगुळीत आली. ताईची वसाहत तळं बुजवून उठवलेली होती आणि अशी भुसभुशीत जमीन लांबचा हादराही वाढवते, हे धाकटीला तोंडपाठ होतं. ताईच्या शेजारणीला एक फोन केला असता तरी पुरलं असतं. पण आपल्या माणसाला आपण पुरतं ओळखतो, हा ताठा फार वाईट. घर बघायला कुणी येतंय का, असं ताईने पुन्हा विचारलं, तेव्हा धाकटीने तिलाच झापलं.

दुसरा भूकंप भर दुपारी आला. जेवून आडव्या झालेल्या ताईचा नुकताच डोळा लागला होता. तीच भिंत तिच्या अंगावर आली आणि ताई गेली.

पाहणीसाठी ते गाव धाकटीने मागून घेतलं. भाऊजी ढिगाऱ्याशेजारी खुर्चीत बसले होते. त्यांच्याशी बोलायला तिला तोंड नव्हतं, म्हणून तिने कार्यालयाचे ठरलेले प्रश्न सुरू केले. भांडी पडली का, लोक घराबाहेर पळाले का. भाऊजी खाली बघत हो, हो म्हणत गेले. आणि सवयीने पुढचा प्रश्न तिच्या तोंडून निघून गेला.

"झोपलेली माणसं जागी झाली?"

भाऊजींनी मान वर केली.

"एक सोडून सगळी," ते म्हणाले. "लिही."