आत्याचं निवळलेलं तेल

आश्विनातल्या कोवळ्या उन्हात आत्या काचेची बाटली डोळ्यांसमोर धरायची, आणि ती किंचित कलली की त्या काळ्याशार तेलाच्या कडेला गुळाच्या पाकासारखी तांबूस किनार उजळायची. ती किनार दिसेपर्यंत आत्या जागची हलत नसे. कुरखेड्याच्या गॅरेजातून आणलेलं ते जळकं ऑइल. गावातली माणसं उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून ते दारांना आणि बैलगाडीला फासतात, आणि आत्या मात्र ते धानाला पाणी देणाऱ्या आमच्या जुन्या डिझेल इंजिनाच्या पोटात घालण्याजोगं करायची. ओल्या धानाचा आणि शेणाचा गंध दरवळणाऱ्या अंगणात तो जळका वास घुमला की मी नाकाला पदर लावून चुलीपाशी धुसफुसत बसे.

ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासूही. आम्हा गोंडांत आत्याच्या घरी सून म्हणून जाणं हे नवलाचं नाही. त्यामुळे तिच्यावर रुसायचे दोन हक्क मला होते, आणि खोटं कशाला बोलू, मी दोन्ही मनसोक्त वापरले.

तिची रीत सांगायला सोपी, पाळायला महाकठीण. उन्हाळ्यातच ड्रम भरून, घट्ट झाकून ती तो गोठ्यामागे उन्हात ठेवायची आणि मग त्याला विसरल्यासारखी वागायची. कीट आणि पाणी आपसूक तळाशी जाई. पुढे वरवरचं तेल पळीने अलगद उपसून, घरापासून लांब मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीवर ती ते तापवी, आणि मधूनच एक थेंब गरम तव्यावर सोडून कान देई. तडतडला तर पाणी अजून आहे. गप्प राहिला तर सरलं. मग जुन्या लुगड्याच्या घड्यांतून गाळून, तेवढंच डिझेल मिसळून ते तयार होई. इंजिन आधी निव्वळ डिझेलवर सुरू करायचं आणि तापलं की मगच हे पाजायचं. पण या सगळ्याहून मला थक्क करायचं ते तिचं थांबणं. ऋतू येत, जात, ढग ड्रमवरून सावल्या ओढत नेत, आणि ही बाई कशाचीही घाई न करता परसात वांगी खुरपत बसलेली असे.

त्या वर्षी हस्ताच्या पावसाने दगा दिला. धान निसवत होतं, लोंब्या पोटरीतून डोकावत होत्या, आणि नेमकं तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत झालं. बोडीत, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यात, पाणी होतं. ते उचलून उंचावरच्या शेवटच्या बांधीपर्यंत, धानाच्या त्या वाफ्यापर्यंत, नेलं नाही तर सगळं धान पोचट राहणार होतं, आणि घरचं वर्षभराचं खाणं त्या बांध्यांतच उभं होतं. तालुक्याच्या पंपावर डिझेल संपलेलं, टँकरचा पत्ता नाही, घरात एक कॅन उरलेला. आणि आत्या छातीच्या दुखण्याने गडचिरोलीच्या दवाखान्यात, दीर तिच्यापाशी.

तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, देवाजी, उतावळा गडी. गोठ्यामागचा ड्रम घाईत कुणाला आठवलाच नाही. त्याने गॅरेजातून ताजं जळकं तेल आणलं, कसंबसं तापवलं आणि हाताला लागेल त्या लुगड्यातून गाळलं. इंजिन थोडं चाललं, खोकलं आणि बंद पडलं. फिल्टर उघडला तर आत काळ्या चिखलात पांढरे पापुद्रे. तो कपाळाला हात लावून शेताच्या धुऱ्यावरच बसला. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. मी आत्याला फोन लावला.

सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, "लुगड्याले मांडाची खळ होती काय?"

होती. आमच्याकडे भाताचा मांड वाया जात नाही, लुगडी त्यातच कडक होतात. फिल्टरातले पांढरे पापुद्रे त्या खळीचेच.

ती हसली, मग बराच वेळ खोकली. "गोठ्यामागचा निळा ड्रम हाये ना, थो हलवू नोको. वरच्या वरचं काढ. आन् बिनखळीचं, जुनं लुगडं घे, माहं घे. घाई करू नोको, पोरी."

आम्ही तिच्या रीतीने सगळं केलं. तव्यावरचा थेंब मुका झाला तेव्हा मला रडूच आलं. स्वच्छ केलेल्या फिल्टरने इंजिन घरच्या डिझेलवर सुरू झालं, तापलं, आणि देवाजीने आत्याचं तेल सोडलं. मी फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडे ती नुसती श्वास घेत ऐकत होती.

"लंगडून राह्यलं," ती म्हणाली. "थांब जराशी."

आम्ही थांबलो. धूर काळ्याचा करडा झाला, ठोके एकामागोमाग एक सारख्या अंतराने पडू लागले, आणि पाइपाच्या तोंडातून बोडीचं पाणी तांबूस उन्हात उसळलं.

"आता चाललं," आत्या म्हणाली. आणि फोन ठेवला.

शेवटच्या बांधीतलं पाणी जिरायच्या आत दवाखान्यातून दिराचा निरोप आला. आत्या गेली होती.

धान भरलं. लोंब्या अशा वाकल्या की बांधावरून चालताना पायांना लागत. आमच्यात नवं धान रांधलं की पहिला घास पूर्वजांचा. तो मांडल्याशिवाय घरात कुणी तोंडात शीत घालत नाही. इतकी वर्षं तो आत्या मांडायची, त्यांची नावं घेत, कुजबुजल्यासारखी. या वेळी देवाजीने पानावर भात ठेवला, एकेक नाव घेतलं, आणि शेवटी आईचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ते मी घेतलं. भाताची वाफ संथपणे वर जात होती. माणूस गेलं की काळ पुढे निघून जातो म्हणतात. पण तिने उन्हाळ्यात ड्रमात भरून उन्हात ठेवून दिलेला काळ आमच्या पानात अजून गरम होता, आणि तो घास गिळताना, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, ती नाही हे मला कळलं.