मोठा कॅम

“हा नको. याच्या खालचा,” जावई म्हणाला आणि त्याने यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

मिस्त्रीने चष्मा वर सरकवून पाहिलं. शेवटच्या ओळीत सगळ्यात मोठा कॅमशाफ्ट होता. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर ‘साहेब, गाडी चालवायचीय की उडवायचीय?’ असं विचारून तो मोकळा झाला असता. तीस वर्षं इंजिनं उघडण्यात गेली होती, जिभेवर तेवढा हक्क त्याने कमावला होता. पण समोर जावई होता. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. त्यातून आईविना वाढवलेली एकुलती एक लेक त्याच्या घरी दिलेली.

“जावईबापू, जरा ऐका. कॅमच्या दांड्यावर हे उंचवटे असतात ना, ते व्हॉल्व्ह ढकलून उघडतात. उंचवटा मोठा, की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. वेगात ताकद मिळते, कबूल. पण खाली इंजिन मरगळतं. सिग्नलला गाडी थडथडत उभी राहील. आणि ब्रेक...”

“ब्रेकचा काय संबंध?”

“इंजिन आत हवा ओढतं, त्या ओढीवरच तर तुमचा ब्रेक हलका लागतो. हा कॅम घातला की ती ओढ निम्मी होते. ऐन वेळी पेडल दगडासारखं लागायचं. शर्यतीच्या मैदानात चालून जातं, घरच्या गाडीत नाही. तुम्ही हा मधला घ्या. जोडीला त्याच्याच मापाच्या स्प्रिंगा. फार कडक घेतल्या तर कॅम झिजतो, फार मऊ घेतल्या तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही. ही जोडी बरोब्बर आहे. रोज बँकेत नेलीत तरी कुरकुर करणार नाही.”

जावई हसला. तो बँकेत अधिकारी होता, इस्त्रीच्या कपड्यांतला, कधी आवाज न चढवणारा. लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले होते, पोरीने नशीब काढलं.

“बाबा, मी विचारायला आलो नव्हतो,” तो मऊपणे म्हणाला. “तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे बघतो. तिला सांगेन, तुझ्या बाबांना जमलं नाही म्हणून.”

बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. तरी शेवटचं वाक्य मिस्त्रीला कुसळासारखं रुतलं.

“जमेल,” तो म्हणाला. “शनिवारी या.”

बुधवारी कॅम आणि कडक स्प्रिंगा आल्या. मिस्त्रीने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं, जुन्या स्प्रिंगा काढून एकेक मापाखाली धरली. सगळ्या वेळेआधीच दमल्या होत्या. दोन तर नुसत्या नजरेलाही बुटक्या दिसाव्यात इतक्या बसल्या होत्या. मग त्याने कापडाने पिस्टन पुसला आणि हात थांबला. पिस्टनच्या माथ्यावर नखाएवढी चंद्रकोर उमटली होती.

ती खूण कशाची, हे त्याला सांगायला दुसरा मिस्त्री नको होता. इंजिन मर्यादेपलीकडे पिळलं की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत मागे खेचू शकत नाही. खालून पिस्टन येतो आणि उघड्या व्हॉल्व्हला शिवतो. इथे नुसता शिवला होता. सुतभर आणखी, तर भर रस्त्यात इंजिनाचे तुकडे झाले असते. आणि एकाच नव्हे, चारही पिस्टनवर ती खूण होती.

ती मर्यादा कुणी काढून दिली होती? त्यानेच. मागच्या वर्षी जावई म्हणाला, जोरात पिळलं की इंजिन मध्येच अडतं; याने मोठ्या हौसेने ते अडणं बंद करून दिलं होतं.

ब्रेकची ओढ किती उरते ते दाखवणारा छोटा मीटर तरी आत बसवावा, असं ठरवून तो डाव्या सीटपाशी वाकला. नळी आत घ्यायला त्याने पायाखालची जाजमाची पट्टी उचलली. पट्टी आरपार फाटली होती. ड्रायव्हरच्या बाजूची ठणठणीत, आणि इकडे, जिथे ना ब्रेक ना क्लच, तिथे टाचेने खोल खड्डा पाडला होता. खालचा पत्रासुद्धा चकचकीत झाला होता. कुणीतरी नसलेला ब्रेक दाबत होतं. महिनोन् महिने, सगळ्या अंगाचा जोर लावून.

डावीकडे कोण बसतं, ते त्याला ठाऊक होतं.

तो खाली फरशीवरच बसला. लग्नानंतर दोन-चार महिन्यांनी लेक म्हणाली होती, “बाबा, तो फार जोरात चालवतो हो.” तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं होतं. “गाडीचाच शौक आहे ना? दुसरा तर नाही? मग झालं तर!”

त्याने फोन लावला. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत ती आली. उघडं इंजिन पाहून दारातच थबकली.

“काय झालं बाबा? बिघडलं काही? त्यांना सांगितलंत का?”

सुरुवातीला ती ‘तो’ म्हणायची. ‘ते’ कधी झालं, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

मिस्त्रीने गाडीचं डावं दार उघडलं आणि पट्टी उचलून धरली.

लेकीने तिकडे पाहिलं. मग एका तेलाच्या डब्यावर बसली.

“भांडण झालं की फिरायला नेतात,” ती म्हणाली. “हात नाही उचलत कधी. ओरडतही नाहीत. मी ‘हळू’ म्हटलं की वाढवतात. चूक कबूल केली की कमी करतात. चूक कुठली ते आपलं आपण ओळखायचं.”

“कधीपासून?”

“तुम्हाला सांगितलं होतं की.”

मिस्त्रीने मान खाली घातली. हातातला पाना त्याने उगाच पुसला, पुन्हा पुसला.

“पोरी, मी हा कॅम बसवत नाही.”

“मग दुसरीकडे बसवतील. आणि त्याआधी मला फिरवून आणतील.” ती अगदी सरळ आवाजात म्हणाली.

“तू तिकडे गेलीच नाहीस तर?”

“तुम्हीच म्हणायचात ना, दिल्या घरी...”

“म्हणायचो. अक्कल गहाण ठेवून म्हणायचो.” त्याने पाना खाली ठेवला. “चुकलो मी. आता तू म्हणशील तसं.”

ती उठली, घड्याळ पाहिलं. “शनिवारी सकाळी येते,” एवढंच म्हणाली. ते तीन दिवस मिस्त्री फोनच्या प्रत्येक घंटीला दचकत होता.

शनिवारी ती आली. खांद्याला एकच पिशवी. सरळ मागच्या खोलीत जाऊन बसली. अकराला जावई आला.

“झाली?”

“तयार आहे. कॅम जुनाच. स्प्रिंगा नव्या, मूळ मापाच्या. इंजिनाची मर्यादा परत घातलीय. तुमचा मोठा कॅम आला तसा परत पाठवला.”

जावयाने किल्ली घेतली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “ती सकाळी लवकर निघाली घरातून. इथे आहे का?”

मिस्त्रीने तोंड उघडायच्या आत लेक दारात आली. ओठ पांढरे पडले होते, दाराची चौकट घट्ट धरली होती.

“मी येणार नाही,” ती म्हणाली.

“बरं,” जावई म्हणाला. “बस गाडीत, बोलू.”

“गाडीत बसणार नाही.”

मिस्त्री दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला. जावयाने त्याच्याकडे पाहिलं, मग खिशातून रुमाल काढून किल्लीवरचा तेलाचा डाग सावकाश पुसला.

“शहर केवढंसं आहे, बाबा,” तो म्हणाला. “रस्ते तर तेच.”

आणि गेला. धूर नाही, आवाज नाही. अगदी सावकाश, वळणावर दिवा लावून. इतकी हळू त्याने गाडी कधीच चालवली नसेल.

संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून बापलेक सामानाच्या जुन्या टेम्पोत बसले. दुसऱ्या चौकाआधीच लेकीचा डोळा लागला. डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. किती दिवसांची झोप होती कोण जाणे.

घराच्या गल्लीशी येऊन मिस्त्रीने वळण्यासाठी वेग कमी केला. फाटकासमोर ती गाडी उभी होती. काच खाली केलेली, बाहेर टेकलेलं पांढऱ्या बाहीचं कोपर.

तो वळला नाही. लेकीला हिसका बसू नये म्हणून त्याने गिअरसुद्धा बदलला नाही. टेम्पो सरळ पुढे गेला; पुढचा चौक, त्याच्या पुढचा. कुठे जायचं ते अजून ठरलं नव्हतं. रस्ता मोकळा होता, तरी त्याने काटा तिसाच्या वर जाऊ दिला नाही.