उंबऱ्यापाशी ओल

दाराशी फळ्यांवर ओल दिसली तेव्हा निकानोराला पिल्लाची आठवणसुद्धा झाली नाही. तिला वाटलं, एमिलसन येऊन उभा राहिला, त्याच्याच पायांचं पाणी हे. ती गुडघ्यांवर बसली, ओलीवर तळहात टेकला आणि म्हणाली, "आलास, बाळा?" मग वास आला. कोपऱ्यात केळ्यांच्या टोपलीमागून खोबऱ्याच्या वडीच्या रंगाचं एक थोबाड डोकावलं, आणि निकानोराला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तिने हातातलं फडकं त्या थोबाडावर भिरकावलं.

कुत्र्याचं ते पिल्लू आदल्या संध्याकाळी पास्तोराने आणून टाकलं होतं. पास्तोरा एमिलसनची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातांवर घेतलं होतं तिने. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि त्याच नात्याने एकमेकींना वाट्टेल ते बोलत.

"कोमाद्रे, घरात सोबत हवी तुला," पास्तोरा म्हणाली होती.

"सोबत आहे मला."

"आहे, माहितेय. म्हणून तर जिवंत आणली."

एमिलसनची होडी नदीच्या मुखाशी उलटली होती. होडी मिळाली, तो मिळाला नाही. तरी गावाने नऊ रात्री सगळं रीतसर केलं: भिंतीला पांढरी चादर, तिच्यावर काळ्या कापडाचं फुलपाखरू, मेणबत्त्या, आणि मेलेल्यालाही तहान लागते म्हणून पेलाभर पाणी. नवव्या रात्रीनंतर, उजाडायच्या आत, चादर उतरवायची, मेणबत्त्या विझवायच्या, दार सताड उघडायचं आणि सगळ्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं. मग माणूस निघतो. पण दार उघडायची वेळ आली आणि निकानोरा दाराला पाठ लावून उभी राहिली. "माझ्या पोराला कुणी घराबाहेर काढायचं नाही," म्हणाली. गाणाऱ्या बायकांचं गाणं तोंडातल्या तोंडात राहिलं. असलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सूर्य वर आला, लोक खाली मान घालून घरी गेले, आणि पुढे त्या घरावरून जाताना बायका आपापल्या पोरांचे हात घट्ट धरू लागल्या.

चादर तशीच राहिली, तिच्याखाली एक मेणबत्तीही रात्रभर जळत राही. निकानोरा पेल्यात रोज ताजं पाणी भरी, आणि उन्हं चढल्याशिवाय दाराची कडी काढत नसे. उन्हात मेलेले निघत नाहीत. परसदाराला तर तिने खिळेच ठोकले होते, कारण त्या बाजूला नदी होती.

आणि कोकादाला, म्हणजे त्या पिल्लाला, नेमकी उजाडायच्या आत लागायची.

"अगं, त्याने करायचं तरी काय?" पास्तोरा भाजलेलं केळं सोलत म्हणाली. "बाहेर कर म्हणतेस आणि दार लावून बसतेस. तुला कोंडून ठेवते, मग बघू तुझा शहाणपणा."

"दिवसा करतो की बाहेर."

"दिवसा शहाणा आहे तो. पहाटे तूच त्याला वेडा करतेस. उठला की लगेच उचलायचं, पायऱ्या उतरायच्या, खाली ठेवायचं, झालं की पाठ थोपटायची. कुत्र्याला एवढं पुरतं, कोमाद्रे. मोठं शास्त्र नाहीये."

"पहाटे दार उघडणार नाही मी."

पास्तोराने केळं खाली ठेवलं. चादरीकडे बघायचं टाळत ती हळू आवाजात म्हणाली, "सुखात आहे का गं तो इथे?"

"माझ्याजवळ आहे."

"ते नाही विचारलं मी."

उत्तर निकानोराला ठाऊक होतं आणि ते तिला अजिबात नको होतं. पहिले काही दिवस एमिलसन नुसता असायचा. तो झोपायचा त्या टांगलेल्या झोळीपाशी गारवा यायचा, पेल्यातलं पाणी सकाळी बोटभर कमी दिसायचं, आणि तिला बरं वाटायचं. मग तो चालायला लागला. पहाटे, अंधार जरा विरळ झाला की झोळीखालची फळी वाजे. मग परसदाराकडची. मग पुढच्या दाराशी. तिथे थांबायचं, आणि पुन्हा झोळीकडे. ती अंथरुणात डोळे मिटून पडून राही आणि म्हणे, "बस ना रे जरा. बस माझ्याजवळ." तो बसत नसे.

पिल्लाशी मात्र ती बोलू लागली, रागवू लागली. सकाळी ओल पुसताना त्याला समोर बसवून सांगे, "आत नाही. घरात नाही. कळलं?" कोकादा कान पाडून ऐके. दिवसा तिने त्याला पायऱ्या उतरायला शिकवलं, शेवटची पायरी त्याला उंच पडे म्हणून खाली एक दगड लावला. बाहेर केलं की ती त्याला तळलेल्या माशाचा तुकडा देई. त्याच्या सगळं लक्षात राहत होतं. एके संध्याकाळी त्याने पुढच्या पायाने दार खरवडलं, तेव्हा ती कौतुकाने हसली. चादर लागल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसू थांबल्यावर तिला भीती वाटली, कारण झोळीखालची फळी संध्याकाळच्या उजेडात वाजली होती.

त्यानंतरच्या पहाटे तिला जाग आली ती चालण्याने. झोळी, परसदार, पुढचं दार. तिने सवयीने डोळे घट्ट मिटले. पण आज पावलं दोन तऱ्हेची होती. एक जड. दुसरी नखांची, टिकटिक टिकटिक, त्याच वाटेने.

तिने डोळे उघडले. कोकादा दारापाशी उभा होता. मागचे पाय एकमेकांना चिकटवून, अंगभर थरथरत. फळ्या कोरड्या होत्या. त्याने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बारीक आवाज काढला आणि पुन्हा फेरी मारून दाराशी आला. बिचाऱ्याने धरून ठेवली होती. आत नाही म्हणून तिनेच शिकवलं होतं, आणि तो तिचं ऐकत होता.

"कर रे," ती म्हणाली. "आज कर आतच. काही नाही म्हणणार मी."

त्याने केली नाही. त्याच्या बाजूची फळी मात्र वाजली, अगदी दाराजवळची. मग दोन्ही आवाज थांबले. कुणी परतून झोळीकडे गेलं नाही.

दोघंही दाराशी उभे राहून आपली वाट बघताहेत, हे निकानोराला तेव्हा कळलं. एमिलसन तसाच होता. वीस वर्षांचा घोडा झाला तरी विचारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसे. गाव हसायचं त्याला. नाहीतर कडी काढायला मेलेल्याला हातांची गरज नसते. तो तिच्या परवानगीसाठी ताटकळत होता, पोटात कळ धरून ठेवल्यासारखा, रोज पहाटे, आणि ती डोळे मिटून त्याला बस म्हणत होती. पोराला एवढं छळलं मी, असं तिच्या मनात आलं.

ती उठली. तिने चादर ओढून उतरवली, तेव्हा काळं फुलपाखरू फाटलं. मेणबत्तीचा उरलासुरला तुकडा तिने चिमटीने विझवला. मग कडी काढली, दार सताड उघडलं आणि भिंतीला लागून बाजूला उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "जा, बाळा. जा आता."

कोकादा धडपडत पायऱ्या उतरला. त्याच्यामागून तिच्या पोटरीवरून गारवा गेला, ओलसर, आणि खालच्या पायरीचं लाकूड करकरलं. पिल्लू तोवर दगडावरून पलीकडे उडी मारून गवतात पोचलं होतं.

ती दारात आली नाही. वाटेत उभं राहायचं नसतं. भिंतीला टेकून तिने वाट पाहिली. गवतात कोकादाचं बराच वेळ चाललं होतं. मग तो शेपूट हलवत वर आला, तिच्या पायांशी बसला आणि तोंड वर करून बघू लागला.

तिने त्याची पाठ थोपटली. दार मात्र उन्हं आत येईपर्यंत लावलं नाही, चुकून एमिलसन परत आलाच तर म्हणून. फक्त कोकादा आला होता.