झ्लातीनाच्या नावाचे गहू

वाचनगृहाच्या दारावर काळ्या चौकटीत आपलाच चेहरा चिकटवलेला पाहून झ्लातीनाला आधी राग आला तो फोटोचा. आयुष्यात एवढे बरे फोटो निघाले, पण यांनी नेमका तोच उचलला होता, गळ्याशी बटण आवळलेला, शाळा तपासायला आल्यासारखा. मग तिने खालचा मजकूर वाचला आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. नुकत्याच दिवंगत झालेल्या आपल्या लेखिका आणि कलावंत स्त्रियांचं स्मरण, आज संध्याकाळी, सर्वांनी यावं. खाली दोन नावं होती. पहिलं तिच्या मैत्रिणीचं, नेव्यानाचं, ते बरोबर होतं. नेव्याना वसंतात गेली होती, तिचा सहा महिन्यांचा दिवस म्हणूनच तर झ्लातीना वार्ना शहराहून दोन बस बदलून, कंबर धरत डोंगरातल्या आपल्या जुन्या गावी आली होती. दुसरं नाव तिचं स्वतःचं होतं.

ती तशीच पिशवीसकट आत गेली. सभागृहात एक तरुण बाई खुर्च्या मांडत होती. वाचनगृहाची ही नवी चिटणीस, गेर्गाना तिचं नाव. तिने मान वर न करताच सांगितलं, "कार्यक्रम संध्याकाळी आहे, आजी."

"दारावर चिकटवलीयेस ना, ती मी," झ्लातीना म्हणाली. "उतरव मला."

गेर्गानाच्या हातातली खुर्ची खाली आपटली. ती तिच्यावरच बसली आणि मग हळूहळू सगळा घोळ बाहेर आला. तिने यादी करायला कबरस्तान गाठलं होतं. तिथे कोस्ताचा, म्हणजे झ्लातीनाच्या नवऱ्याचा दगड होता. कोस्ता गेला तेव्हा झ्लातीनाने दगड दोघांचा मिळूनच कोरून घेतला होता, इथे सगळेच घेतात. दोघांची नावं, दोघांचे फोटो आणि तिच्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ. रेघेपुढे काहीच नव्हतं.

"मला वाटलं, घरच्यांकडून साल कोरून घ्यायचं राहून गेलं असेल," गेर्गाना रडवेली होऊन म्हणाली. "लोकांचं राहतंच हो, मावशी."

ते मात्र खरं होतं. म्हाताऱ्यांना पुरून मुलं शहरात निघून जातात आणि अर्धं कबरस्तान त्या रेघांपुढे अडून बसलेलं असतं. पण म्हणून काय झालं? जिवंत माणसाला मारताना निदान कोणाला विचारावं तरी, असं झ्लातीना म्हणाली.

"कोणाला विचारणार होते? तुमच्याबद्दल विचारावं असं गावात कोणी राहिलंच नव्हतं."

हे उत्तर झ्लातीनाला चांगलंच लागलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्तच लागलं. कोस्ता गेल्यावर ती मुलीकडे वार्नाला राहायला गेली, तेव्हापासून गावाने तिला एक पोस्टकार्डही टाकलं नव्हतं. इथे राहत होती तोवर या सभागृहात तिच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं नाही. आता मेली तर लगेच फुलदाण्या काय, पडदे काय. तिने पुन्हा सांगितलं की बये, आत्ताच्या आत्ता तो कागद फाड.

गेर्गाना हात जोडायचीच बाकी राहिली. उपनगराध्यक्षांना हा कार्यक्रम मुळात नकोच होता, ती म्हणाली. संध्याकाळी फुटबॉलचा सामना होता. एका बाईसाठी हीटर लावून एवढं सभागृह कशाला तापवायचं, असं ते आधीपासून म्हणत होते, दोघी आहेत म्हटल्यावर कुठे नाइलाजाने सही केली. आता एक जिवंत निघाली असं कळलं, तर ते कार्यक्रमच रद्द करतील.

"म्हणजे नेव्यानाचा?"

"नेव्यानाबाईंचाच. तुमचा कसा रद्द होणार?"

झ्लातीनाने पिशवी खाली ठेवली. नेव्यानाने आयुष्यभर तंबाखूची पानं ओवणाऱ्या बायकांच्या गोष्टी लिहिल्या होत्या. तिची तीन पुस्तकं निघाली आणि तिन्हींतली चित्रं झ्लातीनाने लाकडात कोरून काढली. नेव्याना स्वयंपाकघरात गोष्ट मोठ्याने वाचायची, झ्लातीना त्याच टेबलावर लाकूड कोरायची आणि दोघी एकमेकींवर खेकसायच्या. पुरताना पाद्र्याने काय ते दोन शब्द म्हटले होते, पण तिच्या गोष्टीतलं एक वाक्यही तिच्यामागे कोणी मोठ्याने वाचलेलं नव्हतं. वाचनगृहाने तिची पुस्तकं, कोणी नेत नाही म्हणून, केव्हाच रद्दीत काढली होती. झ्लातीनाने आपली प्रत पिशवीत घालून आणली होती ती एवढ्याचसाठी.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "आज रात्रीपुरती मेले मी. पण हिची एक गोष्ट पुरती वाचायची. सारांश नको, दोन ओळी नकोत. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

गेर्गानाने आईची शपथ घेतली. शेजारच्या गावातल्या साहित्याच्या मास्तरीणबाई, रालित्सा त्यांचं नाव, त्याच वाचणार होत्या, त्यांचा आवाज छान होता. झ्लातीनाने पुस्तक काढून दिलं, गोष्टीच्या पानाचा कोपरा दुमडून दिला आणि वर दम भरला की त्यावर कॉफी सांडलीस तर मी खरंच मरेन आणि तुझ्या स्वप्नात येईन.

संध्याकाळी ती डोक्याचा रुमाल पुढे ओढून मागच्या रांगेत बसली. सभागृह निम्मं भरलं होतं, हेही तिला नवल वाटलं. कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते एका पेनकाने. पेनका पूर्वी तिच्या शेजारी राहायची. मेलेल्यांच्या नावाने साखर-अक्रोड घालून उकडलेले गहू वाटत ती रांगेरांगेने येत होती. झ्लातीनासमोर ती थांबली, खाली वाकली आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"तू मेली नाहीस होय," ती हळूच म्हणाली.

"नाही. गप्प बस."

"बरं झालं आलीस. घे, हे तुझ्याच नावाचे आहेत."

गहू घेतले की मेलेल्याचं नाव मनात धरून 'देव क्षमा करो' म्हणायचं असतं, ते झ्लातीनाने स्वतःसाठी म्हटलं. साखर कमी होती. तिच्या नावाने घालायची वेळ आल्यावर यांना साखरेची काटकसर सुचावी, याचाही तिला राग आला.

मग भाषणांचं गुऱ्हाळ सुरू झालं. उपनगराध्यक्ष घड्याळाकडे बघत बोलायला उठले आणि एकदा उठल्यावर बसेचनात. झ्लातीनाने आपल्या डोंगररांगा चित्रांतून अमर केल्या, असं त्यांनी सांगितलं. झ्लातीनाने जन्मात एक डोंगर काढला नव्हता. तिने हात काढले होते, बायकांचे, तंबाखूच्या चिकाने काळे पडलेले हात. पण मेलेल्या माणसाला मध्येच उठून दुरुस्ती करता येत नाही, म्हणून ती दात-ओठ खात बसून राहिली. मग नेव्यानाचा नंबर लागला. आदर्श माता. प्रेमळ आजी. त्यांच्या हातची भरली मिरची एकदा खाल्ली की माणूस विसरत नसे. मिरचीवर ते इतका वेळ बोलले की झ्लातीनाला वाटलं आता कृतीही सांगणार. नेव्यानाला साधा भात धड जमत नव्हता. तिच्याकडे मिरच्या भरायच्या असल्या की झ्लातीना भरायची. लिहिण्याबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की फावल्या वेळात त्यांना लेखनाचीही आवड होती.

त्यानंतर बायकांनी गाणी म्हटली, मग आणखी गाणी म्हटली. मग गेर्गाना चवड्यांवर चालत मागच्या रांगेशी आली.  वेळ संपला, ती कुजबुजली, साहेब आवरा म्हणताहेत, वाचन गाळावं लागलं. सोमवारी मी तुम्हाला पुस्तक आणून देते.

"आण इकडे. मी वाचते."

"रालित्साबाईंच्या पर्समध्ये राहिलं. त्यांची शेवटची बस होती, मावशी. त्या गेल्या."

झ्लातीनाने कपाळावर हात मारून घेतला. मग समोरच्या खुर्चीला धरून उठली. उपनगराध्यक्ष सगळ्यांचे आभार मानत होते आणि त्यांच्या आभारांमधूनच ती भिंतीच्या कडेने पुढे चालत गेली. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग ती थांबली. एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"हो, मीच ती झ्लातीना," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली. "दगडावर साल कोरलेलं नाही ते उगीच नाही. डोंगर मी कधी काढले नाहीत. आता बसा सगळे, तुम्ही पण बसा, साहेब. नेव्यानाची गोष्ट आहे."

आणि पुस्तक नाही तर नाही, तिने तोंडानेच सांगायला घेतली. एक बाई असते, अंगणात तंबाखूची पानं दोरीत ओवत बसलेली. नवरा जेवून घोरत पडलेला असतो. ती ओवता ओवता उठते, हात पुसते आणि घर सोडून निघते. भांडण नाही, काही नाही. फक्त निघते. ओढा ओलांडते, वरचा रस्ता धरते आणि तिथे तिला आभाळ भरून आलेलं दिसतं. तेव्हा तिला आठवतं की पानं अंगणात उघडीच राहिली. अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत. ती मागे फिरते, नवऱ्यासाठी नाही, पानांसाठी. धावत येते, सगळ्या दोऱ्या पडवीत ओढते, वर ताडपत्री टाकते. नवरा अजून घोरतोच आहे. मग ती फाटकाशी येऊन उभी राहते, हात फाटकावर.

सांगता सांगता झ्लातीनाचा राग कधी उतरला ते तिलाच कळलं नाही. नेव्याना जिथे श्वास घ्यायची तिथेच ती श्वास घेत होती. सभागृहात कोणी खोकत नव्हतं. उपनगराध्यक्षांच्या खिशात फोन वाजला, तो त्यांनी न बघताच बंद केला.

"हात फाटकावर," झ्लातीना पुन्हा म्हणाली आणि थांबली.

चित्र तिला लख्ख दिसत होतं, तिनेच कोरलं होतं, पाठमोरी बाई आणि तो हात. पण शेवटचं वाक्य येईना. नेव्यानाने ते किती वेळा बदललं होतं. कधी बाई आत जायची, कधी रस्त्याला लागायची. त्यावरून दोघींची एकदा इतकी जुंपली होती की आठवडाभर अबोला होता. छापताना तिने कुठलं ठेवलं? झ्लातीनाने डोळे मिटले, उघडले. स्वतःचा असा संताप तिला कधी आला नव्हता.

"मग?" तिसऱ्या रांगेतून पेनकाने विचारलं. "आत गेली का ती?"

"मला आठवत नाही," झ्लातीना म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिने तो सावरला नाही. "ते नेव्यानाला माहितीय."

आता लोक उठतील असं तिला वाटलं. पण कोणी उठलं नाही. हातात गव्हाच्या वाट्या घेऊन सगळे तिच्याकडे बघत बसले होते, गोष्ट संपायची होती म्हणून.