बत्तीसशेचा आवाज

"ही मशीन हाय का रसवंती? घुंगरू तेवढे बांधायचे राह्यलेत."

सुग्रीव हे पुटपुटला तेव्हा कल्याणराव त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. कोपऱ्यातल्या टेबलावरून त्यांच्या बायकोने, मीनाने, कम्प्युटरवरची मान उचलली. कल्याणरावांची मान काही वळली नाही. त्यांनी मोजमापाचा व्हर्नियर पुसला, पेटीत ठेवला, काहीतरी राहिल्यासारखा पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला.

सुग्रीवची जीभ दाताखाली गेली. मालकाच्या कानाशी बोलून गेलो म्हणून नव्हे. बोललेलं पोचलं नाही म्हणून. त्याने मीनाकडे पाहिलं, मीनाने पडद्याकडे पाहिलं, आणि दोघांनी आपापल्या कामात डोकं घातलं. याचा आता दोघांना चांगला सराव झाला होता.

मशीन मात्र खरंच रेंगाळत होती. काचेच्या दाराआड कटर पोलादाच्या चकतीत कसाबसा पुढे सरकायचा, जेवण नको असलेल्या पोरासारखा. वाटूरचा शिवाजी टोकण यंत्रं बनवायचा. त्या यंत्रात एकेक बी मोजून सोडणाऱ्या चकत्या जालन्याच्या एमआयडीसीतल्या या एका मशीनच्या शेडमध्ये तयार व्हायच्या. पेरणी तोंडावर आली होती आणि शिवाजी सकाळपासून दारात बसून होता.

"कल्याणभाऊ, गेल्या साली निघायच्या त्याच्या निम्म्या चकत्या निघून राह्यल्या औंदा. आजारी पडली का मशीन?"

"बराबर," कल्याणराव म्हणाले.

"माझ्या दारात गिऱ्हाईक बसलंय. चार दिवसांत होतंय का सगळं?"

"बिलकुल. चहा घ्या."

चहाचा रिकामा कप शिवाजीच्या हातातच होता. तो मीनाकडे वळला.

"बेअरिंगचं काम निघालंय भाऊ," मीना म्हणाली.

"मागच्या महिन्यात बी बेअरिंगच होतं, वहिनी." शिवाजीने कप खाली ठेवला. "सोमवारी चक्कर टाकतो. तवर कामाची चाल वाढली तर ठीक, न्हाई तर चकतीचा नमुना दुसरीकडं देतो. वाईट वाटून घेऊ नका."

हेही तो मीनाकडे बघूनच म्हणाला. हल्ली सगळे तिच्याकडे बघूनच बोलत. पुण्याहून लेकीचा, तृप्तीचा फोन आला तरी कल्याणराव तो लगेच मीनाच्या हातात देत. "रेंज न्हाई इथं," म्हणत. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या असत.

मशीनला काहीही झालेलं नव्हतं. जे केलं होतं ते मीनाने, याच टेबलावर बसून.

मशीन घेतली तेव्हा कंपनीच्या माणसाने तिला सॉफ्टवेअर दाखवलं होतं. कुठला कटर, कुठला धातू एवढं निवडायचं. कटर किती वेगाने फिरेल आणि किती वेगाने पुढे सरकेल ते आकडे आपोआप भरले जातात. स्पीड आणि फीड. पण कंपनीचे आयते आकडे कल्याणरावांना पटले नाहीत. ते मशीनला खेटून उभे राहिले, डोळे मिटले आणि ओरडू लागले, "वाढव. आणखी. आणखी थोडं. आता कमी... बस! गोल झाला आवाज. हे टाक." मीनाने टाकलं. असं एकेक कटर, एकेक धातू करत सगळा तक्ता भरायला अख्खा उन्हाळा गेला. मीनाला तेव्हा गोल आवाज म्हणजे काय ते कळत नव्हतं. पुढे कळू लागलं. भाकरी तव्यावर फुगली की न बघता कळतं, तसं.

"मामानं आपले कान कम्प्युटरात भरून ठेवले," सुग्रीव तेव्हा म्हणाला होता, आणि सगळ्यात जास्त कल्याणरावच हसले होते.

मागल्या दिवाळीच्या आधी एक कटर तुटला. तुटण्याआधी तो किंचाळला. ती किंकाळी शेजारच्या शेडमधल्या वेल्डरने ऐकली, रस्त्यावरच्या चहावाल्याने ऐकली. कल्याणराव मशीनकडे पाठ करून फडक्याने हात पुसत उभे होते. मीना टेबलावरून धावली आणि लाल बटण तिने दाबलं, तोवर तुकडा आतून काचेवर बसला होता. काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं. काच नसती तर तो तुकडा कुठे बसला असता याचा विचार तिने त्या दिवशी केला नाही, नंतर मात्र रोज केला.

"कटरच डुप्लिकेट हाय," सुग्रीव म्हणाला.

"हल्ली माल खराबच येतो," मीना म्हणाली.

कल्याणरावांनी तुटका तुकडा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. "खराब माल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मीनाने तक्ता उघडला आणि सगळे आकडे खाली आणले. इतके खाली, की कटर तुटायचाच झाला तरी किंचाळणार नाही, नुसता थांबेल. तशा वेगाला कान लागत नाहीत. जुने आकडे तिने कुठे उतरवून ठेवले नाहीत. ठेवले असते तर आपण काय केलं हेही ठेवल्यासारखं झालं असतं. यांना कळणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आकडे तुझ्यासाठी, मला आवाज पुरे, असं म्हणणारा माणूस. तो कशाला पडद्याकडे बघतोय?

शिवाजी गेल्यावर सुग्रीवने डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"मामी, एक बोलू का?"

"न्हाई."

"मशीनवर मी थांबतो. जुने आकडे टाका. मामा हिकडं खुर्चीवर..."

"खुर्चीवर बसून काय करतील ते? चकत्या मोजतील?"

सुग्रीवने भाकरीचा तुकडा मोडला. तो न खाताच म्हणाला, "सोमवारी शिवाजीभाऊ नमुना घेऊन गेला तर मोजायला तरी काय उरणार?"

"जेव गुमान."

पलीकडे कल्याणराव मशीनजवळ होते. त्यांच्या हातात लाकडी मुठीचा लांब पेचकस होता. त्याचं टोक चालत्या मशीनच्या ओतीव बिडाच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग कसं आहे ते ऐकू येतं. डॉक्टरसारखं. हे त्यांनीच सुग्रीवला शिकवलं होतं. आज त्यांनी मूठ कानाला लावली नाही. आधी कानामागच्या हाडाला लावली. मग गालफडाला. मग कोणी बघत नाही असं पाहून, दातांत धरली.

मीनाने मान खाली घातली. ताटात मिठाची चिमूट होती, ती तिने बोटाने पसरत नेली.

जेवणानंतर मशीन बंद होती. मीनाने तक्ता उघडला. दहा मिलिमीटरचा कटर, पोलाद, मिनिटाला अठराशे फेरे. तिने अठराशे खोडले आणि रिकाम्या चौकटीत लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसली. तीन हजार होते? साडेतीन? ज्या माणसाने ते ऐकून सांगितले होते त्याला पुन्हा उभं करून विचारायची आता सोय नव्हती. तिने तीन हजार लिहिले, खोडले.

"बत्तीसशे."

ती दचकली. कल्याणराव खुर्चीमागे उभे होते. हल्ली ते फार मोठ्याने बोलत.

"फीड साडेसहाशे. टाक."

तिने टाकलं. ते पुढचे सांगत गेले, सहाचा, आठचा, बाराचा, अडखळले नाहीत. तक्त्याच्या तळाशी आल्यावर ती वळली आणि त्यांना ओठ दिसतील अशी तोंड वर करून बसली.

"कधी बघितलं तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी. मशीनच्या पडद्यावर लिहिलेलं असतंय सगळं." त्यांनी तिकडे बोट केलं. "डोळे हायेत की मला."

"मंग बोलला का न्हाईत?"

"तू तरी कुठं बोललीस?"

तिने पदराने कीबोर्ड पुसला.

"सुग्रीव!" कल्याणरावांनी हाक मारली. "हिकडं ये. माझ्या जागेवर उभा ऱ्हा. हात लाल बटणावर. कान तिकडं ठेव, माझ्याकडं बघू नको."

सुग्रीव आला. त्या जागेवर फरशी झिजून दोन पावलांएवढी गुळगुळीत झाली होती. तो त्या खुणांच्या थोडा बाजूलाच उभा राहिला. कल्याणरावांनी त्याला दंडाला धरून बरोबर त्या खुणांवर आणलं.

मशीन सुरू झाली. कटर फिरू लागला, चकतीत उतरला, आणि शेड भरून गेली. पत्रे, खिडकीच्या काचा, टेबलावरचं स्टीलचं भांडं, सगळं एका सुरात लागलं. कित्येक महिन्यांमागे हरवलेली वस्तू उशाशीच निघावी तसं मीनाला झालं. चकती संपली, दुसरी लागली. सुग्रीवच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि मग, आपण कुठे उभे आहोत हे आठवून, त्याने ते गिळलं.

कल्याणरावांनी पेचकस खिशातून काढला, बिडाला टेकवला, मूठ कपाळाला लावली. थोडा वेळ तसेच राहिले. मग पेचकस सुग्रीवच्या वरच्या खिशात खोवला आणि मोकळा तळवा मशीनच्या पत्र्यावर ठेवला, आजाऱ्याच्या अंगावर ठेवतात तसा.

"गोल हाय का?" त्यांनी विचारलं.

मीनाने मान हलवली.

"मान हलवू नको. कसा येतोय ते सांग." ते तिच्या ओठांकडे बघत होते, आणि त्या सगळ्या आवाजाच्या वर त्यांचा आवाज गेला. "सांग की मीना. मला ऐकू येत न्हाई."